सेन्सर क्लीनिंगचे पैसे नेमके कशाचे घ्यायचे?

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय: "सर, तालुक्याच्या ठिकाणी कॅमेरा सेन्सर क्लीनिंगचा साइड बिझनेस चालेल का? एक किट घेतलं की सुरू करता येतं म्हणे." काहींनी सोबत गणितही पाठवलं. स्वॅबची किंमत इतकी, गिऱ्हाइकाकडून घ्यायचे इतके, दिवसाला पाच कॅमेरे, महिन्याचे इतके.

माझं स्पष्ट मत सांगतो. हे काम शिकून घ्या, दुकानात ठेवाही. पण "ओलं क्लीनिंग सहाशे रुपये" अशी पाटी लावून विकू नका. पाटी तशी लागली की समोर येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला तुम्ही ओला स्वॅब लावणार, कारण पैसे त्याचेच मिळतात. आणि आलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना त्याची गरजच नसते.

आधी आपण काय साफ करतो ते समजून घेऊ. लोक "सेन्सर पुसला" म्हणतात, पण आपला हात सेन्सरला लागतच नाही. त्याच्यापुढे एक पातळ फिल्टरची काच असते, तिच्यावर कोटिंग असतं आणि धूळ बसते ती या काचेवर. काच आणि सेन्सर यांच्यात थोडंसं अंतर असतं. म्हणूनच एफ २.८ ला काढलेल्या फोटोत डाग दिसत नाही आणि एफ १६ ला ठळक दिसतो. ढगाळ दिवशी आपली सावली जमिनीवर जेमतेम पडते, कडक उन्हात कशी रेखीव पडते, तसंच हे. अ‍ॅपर्चर बारीक झालं की धुळीच्या कणाची सावली सेन्सरवर स्पष्ट उमटते. लग्नातल्या हॉलमध्ये दिवसभर मोठ्या अ‍ॅपर्चरवर शूट करणाऱ्याला वर्षभर डाग कळत नाही, आणि प्री-वेडिंगला मोकळ्या आभाळाखाली एफ ११ वर गेला की प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी काळपट ठिपका. फोटोतला ठिपका एडिटिंगमध्ये काढता येतो, पण कॅमेरा पॅन होत असलेल्या व्हिडिओतला ठिपका काढताना एडिटर रडकुंडीला येतो.

म्हणून पहिलं काम तपासणी. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ १६ किंवा एफ २२, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवायचा आणि पांढरी भिंत किंवा मोकळं आभाळ फ्रेमभर घ्यायचं. शटर हळू झाला तरी चालतो, उलट कॅमेरा थोडा हलवायचाच, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे जागच्या जागी राहतात. फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम करून बघा. मग लेन्स बदलून पुन्हा एक फोटो. लेन्स बदलल्यावर डाग गेला तर सेन्सरचा प्रश्नच नाही. डीएसएलआर असेल आणि डाग फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतोय, फोटोत नाही, तर तो फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर आहे. त्याने फोटो बिघडत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. आरशाचा चकचकीत थर वरच्या बाजूला असतो, कापड लावलं की ओरखडा ठरलेला.

एक बारकी गोष्ट, जी शिकवणारे फार कमी सांगतात. डाग फोटोत वर दिसत असेल तर काचेवर तो खाली असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते. पण तुम्ही समोरून सेन्सरकडे बघत असलात तर डावी-उजवी बाजू मात्र फोटोसारखीच राहते. फोटोत वर डावीकडे, म्हणजे काचेवर खाली डावीकडे. हे माहीत नसलेला माणूस चुकीच्या कोपऱ्यात दहा वेळा स्वॅब फिरवतो.

यानंतरचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही. सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं स्वतःचं क्लीनिंग, म्हणजे ती काच थरथरवून धूळ झटकण्याची सोय. ऑलिंपसने २००३ मध्ये ई-१ कॅमेऱ्यात ती आणली, कॅननने २००६ मध्ये ४००डी मध्ये दिली, आता बहुतेक सगळीकडे असते. ती मेनूतून दोन-तीनदा चालवा. नाही गेलं तर हाताने दाबायचा रबरी ब्लोअर. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा म्हणजे उडालेली धूळ बाहेर पडेल, आणि ब्लोअरची नळी आत खुपसू नका. डीएसएलआरला मेनूतून आरसा वर लॉक करावा लागतो, त्यासाठी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मध्येच बॅटरी संपली आणि आरसा-शटर खाली आलं तर आत काय असेल त्यावर आपटेल.

बऱ्याचदा काम इथेच संपतं. संपलं की थांबायचं.

कॅनमधली दाबलेली हवा वापरायची नाही, तिच्यातून गार द्रव शिंतडतो आणि काचेवर बसतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच, तिच्यात तेल आणि पाणी दोन्ही असतं. तोंडाने फुंकणारेही आजही आहेत, तेही नुकताच चहा पिऊन. चष्म्याचं कापड, इअरबड, टिश्यू यांतलं काही नको. माझ्याकडे एक वेडिंगवाला बॉडी घेऊन आला होता. दुसऱ्या एका दुकानात मोबाईलचा स्क्रीन पुसायच्या लिक्विडने काच पुसून दिली होती आणि दोनशे रुपये घेतले होते. कोटिंगवर गोल-गोल रेघा. मी हात न लावता परत दिली, कारण तिथे आता पुसून काही होणार नव्हतं. त्याचा सीझन पंधरा दिवसांवर होता आणि तेवढे दिवस भाड्याची बॉडी घेऊन त्याने कामं केली.

ब्लोअरने न निघणारे डाग म्हणजे तेल, ओलावा लागून चिकटलेली धूळ, परागकण. आपल्याकडे यात हळद, गुलाल आणि भंडाऱ्याचीही भर. जेजुरीला सोमवतीच्या गर्दीत लेन्स बदलणाऱ्याचं मला कौतुक वाटतं, पण त्याच्या कॅमेऱ्याचं नाही. कोरडी पूड ब्लोअरने निघते, घामट हाताने किंवा पावसाळी हवेत ओल धरलेली निघत नाही. तिथे ओला स्वॅब लागतो. स्वॅबची रुंदी सेन्सरप्रमाणे: फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्याला २४ मिलिमीटरचा स्वॅब, आणि एपीएस-सीला १६ मिलिमीटरचा. सेन्सरसाठीच बनवलेल्या द्रवाचे एक-दोन थेंब पुरतात, स्वॅब टपटपता कामा नये. या द्रवांपैकी काही मिथेनॉलचे असतात, म्हणजे विषारी आणि ज्वालाग्राही. समईच्या शेजारी बसून हे काम करू नका आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सलग हलका हात, मग स्वॅबची दुसरी बाजू वापरून परत, आणि स्वॅब कचऱ्यात. धुऊन पुन्हा वापरायचा नाही. ज्या कॅमेऱ्यांत सेन्सर स्टॅबिलायझेशनसाठी तरंगता असतो, तिथे दाब आणखी कमी.

आता धंद्याचं बोलू. समजा सहाशे घेतले, स्वॅब-लिक्विडचे दीडशे गेले, हातात राहिले साडेचारशे. आणि समजा एका कॅमेऱ्याची काच गेली, बिल आलं पंचेचाळीस हजार. म्हणजे शंभर कॅमेऱ्यांची कमाई एका हाताने पुसली. कमेंटमध्ये आलेल्या एकाही गणितात ही ओळ नव्हती. बीबीएला असताना आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवलं, पण दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात असतानाचं ब्रेक-इव्हन वेगळं असतं, ते दुकान टाकल्यावर कळतं.

म्हणून मी पैसे तपासणीचे घेतो. माझ्या दुकानात तपासणी आणि ब्लोअर मिळून दीडशे. स्वॅब खरंच लागला तर गिऱ्हाइकाला स्क्रीनवर डाग दाखवून, विचारून, वरचे साडेचारशे. पावतीवर बॉडीचा सीरियल नंबर, आधीचा टेस्ट फोटो आणि नंतरचा टेस्ट फोटो. आधीच ओरखडा असेल तर लिहून त्याची सही. वॉरंटीतली बॉडी असेल तर ब्लोअरपुढे मी जात नाही, बहुतेक कंपन्यांचं मॅन्युअलही त्यापुढचं काम सर्व्हिस सेंटरला द्यायला सांगतं. "दीडशे रुपये नुसतं बघायचे?" असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी टेस्ट फोटो मोठा करून दाखवतो. एरवी स्वतःच्या डोळ्यांनी न दिसलेला डाग दिसला की घासाघीस थांबते.

तपासणीला किंमत का, याचं एक मोठं उदाहरण आहे. निकॉनचा डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि त्याच्या सेन्सरवर पुन्हा पुन्हा डाग येतात अशा तक्रारी सुरू झाल्या. कितीही पुसा, काही हजार फोटोंनंतर परत. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत तपासणी, क्लीनिंग आणि शटर बदलून देण्याचं जाहीर केलं. अशी बॉडी तुमच्याकडे आली असती आणि तुम्ही दर महिन्याला सहाशे घेत राहिला असता, तर गल्ला भरला असता. पण त्या माणसाला खरी गरज होती ती "हे पुसून जाणारं नाही, कंपनीकडे पाठव" या एका वाक्याची.

मग हा बिझनेस कोणी करावा? ज्याचा आधीच स्टुडिओ, अल्बम प्रिंटिंग किंवा अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे, त्याने. फक्त यावर भाडं निघेल असं कोणी सांगत असेल तर त्याला त्याच्या तालुक्यात किती कॅमेरे आहेत ते विचारा. शिकताना स्वतःची जुनी बॉडी घ्या, बंद पडलेली मिळाली तर उत्तमच, तिच्यावर निदान वीस-पंचवीस स्वॅब वाया घालवा. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला मध्येच फोन उचलायची सवय आहे, त्याने तपासणी करावी आणि ओलं काम दुसऱ्याला द्यावं, त्यात कमीपणा नाही.

कामाचे दिवस दिवाळी ते तुळशीचं लग्न, कारण मुहूर्त सुरू व्हायच्या आत सगळ्यांना बॉडी साफ हवी असते. त्या काळात घाई करणारे येतील, "तासाभरात द्या, संध्याकाळी हळद आहे." त्यांच्यासाठी माझा नियम एकच: तपासणी आणि ब्लोअर लगेच, स्वॅब मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, पंखा बंद करून, दुकान उघडायच्या आधी. पावतीचा नमुना आणि टेस्ट फोटो कसा घ्यायचा ते या आठवड्याच्या व्हिडिओत दाखवलंय.