फर्मानांना तारखा असतात

अफगाण स्त्रियांच्या हालांचा विषय निघाला की आपल्याकडच्या सुशिक्षित बैठकीतही हमखास ऐकू येतं : ‘ती त्यांची संस्कृती, तो त्यांचा धर्म, आपण कशाला बोलायचं?’ या म्हणण्यामागे परक्यांच्या रीतीभातींबद्दलचा आदर असतो, हे मान्य. पण तो आदर जुलूम करणाऱ्यांच्या पदरात पडतो, म्हणून त्याचं खंडन केलंच पाहिजे.

संस्कृती पिढ्यान्‌पिढ्या मुरत येते. अफगाण स्त्रीवरचं एकेक बंधन मात्र तारीखवार सांगता येतं. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतलं. २३ मार्च २०२२ रोजी सहावीपुढच्या मुली दप्तरं घेऊन शाळेत पोहोचल्या आणि त्याच सकाळी त्यांना परत पाठवलं गेलं. मे महिन्यात चेहरा झाकण्याचं फर्मान निघालं. ते मोडलं तर शिक्षा तिच्या बापाला, भावाला किंवा नवऱ्याला. डिसेंबरात विद्यापीठांची दारं बंद झाली, जुलै २०२३मध्ये ब्यूटी पार्लरं. ऑगस्ट २०२४च्या कायद्याने तर स्त्रीचा आवाजही लपवायची गोष्ट ठरवला. काल जे चालत होतं ते आज गुन्हा ठरतं, त्याला परंपरा कसं म्हणायचं?

परंपराच पाहायची तर तीही पाहू. काबूलमध्ये राणी सुरय्याच्या पुढाकाराने मुलींची शाळा निघाली ती १९२१मध्ये. १९६५मध्ये कुब्रा नूरझाई देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या. ‘हे राजधानीतल्या वरच्या थराचं कौतुक’ असा आक्षेप येईल. पण २००१मध्ये प्राथमिक शाळेत मुली जवळपास नव्हत्याच, आणि २०१८पर्यंत तो आकडा २५ लाखांवर गेला. या सगळ्या काही सरदार घराण्यांतल्या लेकी नव्हत्या. त्यांना शाळेत घालणारे आईबापही अफगाणच होते. त्यांची इच्छा संस्कृतीत का धरायची नाही?

धर्माचं म्हणाल, तर मुलींना माध्यमिक शिक्षण बंद करणारा दुसरा एकही मुस्लिमबहुल देश जगात नाही. विद्यापीठबंदी आली तेव्हा कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ती शरियतच्या विरोधात असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्यापेक्षा आपण इस्लामचे जास्त जाणकार आहोत का?

उरतो शेवटचा युक्तिवाद : लढाई थांबली, रस्ते सुरक्षित झाले. लढाई ओसरली, हे खरं. पण ७२ किलोमीटरांपलीकडे जायला महरम, म्हणजे जवळच्या नात्यातला पुरुष, सोबत हवा. चार दशकांच्या युद्धाने ज्यांचे नवरे आणि भाऊ नेले, त्या विधवांनी तो कुठून आणायचा? युद्धाने घरातला पुरुष नेला आणि पुरुष नाही म्हणून राजवटीने रस्ता बंद केला. दुसरीकडे, काही प्रांतांत बाईला बाईनेच तपासावं असा दंडक. आणि डिसेंबर २०२४मध्ये नर्स व सुईणींचं शिक्षणही थांबवलं. आजच्या सुईणी थकल्यावर डोंगरातल्या खेड्यात अडलेल्या बाईला कोण सोडवणार? आईचा जीव जिथे असा टांगणीला लागतो, तिथे सुरक्षितता नेमकी कुणाची?

आता मंडन. अफगाण संस्कृती काय आहे हे सांगण्याचा पहिला हक्क अफगाण स्त्रीचा आहे. मुली बंद दारांआड शिकताहेत, शिक्षिका धोका पत्करून शिकवताहेत. त्यांचं म्हणणं त्यांनी कृतीतून मांडलं आहे. मराठी माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. १८४८मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेला विरोध झाला तो धर्माच्याच नावाने. सावित्रीबाईही त्याच मातीतल्या होत्या. आज आपण कुणाच्या बाजूचे वारसदार आहोत, हे आपणच ठरवायचं आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. ऑक्टोबर २०२५मध्ये तालिबानच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. गदारोळ झाला आणि दोनच दिवसांत दुसऱ्या परिषदेत त्यांना बोलावणं भाग पडलं. बोलण्याने फरक पडतो, याचा हा पुरावा. काबूलशी व्यवहार करताना प्रत्येक बैठकीत शाळांचा प्रश्न भारताने विचारावा. पुण्यात वर्षानुवर्षं अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. इथल्या विद्यापीठांनी अफगाण मुलींसाठी शिष्यवृत्त्या आणि घरबसल्या शिकण्याचे अभ्यासक्रम खुले करावेत, सरकारने त्यांना व्हिसा द्यावा. माणसांनी काढलेली फर्मानं माणसंच मागे घेतात. ती मागे घ्यायला लावणं हे एकट्या अफगाण स्त्रियांचं काम नाही, आपलंही आहे.