नाव रायगडचं, तर चाचणी महाडला

१० एप्रिल २०११ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पुणे वॉरियर्स हा आयपीएलमधला नवा संघ पहिल्यांदा मैदानात उतरला. कर्णधार होता युवराज सिंग, आठच दिवसांपूर्वी विश्वचषकाचा मालिकावीर ठरलेला. विदर्भाच्या श्रीकांत वाघने १६ धावांत ३ बळी टिपले, पंजाबचा डाव ८ बाद ११२ वर अडकला आणि पुण्याने १३.१ षटकांतच सात गडी राखून सामना जिंकला. पदार्पण असं दणक्यात झालं, पण २६ ऑक्टोबर २०१३ ला भारतीय क्रिकेट मंडळाने या संघाचा करारच रद्द केला. सहारा समूहाने १,७०२ कोटी रुपयांना तो घेतला होता. पहिल्या हंगामात लीगचे ९४ सामने ठरले होते, झाले ७४; मग शुल्कावरून वाद पेटला आणि शेवटी बँक हमीवर सगळं तुटलं. हा वाद मालक आणि मंडळ यांच्यातला होता. ज्या शहराचं नाव संघाला दिलं होतं, त्या पुण्याला यात बोलायला जागाच नव्हती. ती पहिल्या दिवसापासूनच नव्हती, कारण पुण्याच्या संघाचा पहिला ‘घरचा’ सामनाही नवी मुंबईत झाला. पुण्याजवळच्या गहुंज्याचं मैदान खुलं झालं एप्रिल २०१२ मध्ये.

संघ हरत राहिला म्हणून बुडाला, असं यावर सांगितलं जातं. आकडे तसं म्हणत नाहीत. पुण्याने तिन्ही हंगामांत प्रत्येकी चारच सामने जिंकले हे खरं. पण २०११ आणि २०१३ या दोन हंगामांत दिल्लीचा संघ गुणतक्त्यात पुण्याच्याही खाली होता, आणि तो आजही खेळतो आहे. उलट २०१६ मध्ये पुण्याच्या नावाने दुसरा संघ आला. तो तर दोनच वर्षांसाठी होता, हे आधीच ठरलेलं. त्यानेही पहिला सामना जिंकला, तोही वानखेडेवर, मुंबईला हरवून. त्या वर्षीच्या दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, तेव्हा पुण्याचं ‘घर’ विशाखापट्टणमला गेलं. पुढच्या वर्षी हा संघ अंतिम सामना अवघ्या एका धावेने हरला आणि मुदत संपताच विसर्जित झाला. जिंकून संघ टिकत असता, तर हा टिकायला हवा होता.

महाड-पोलादपूरच्या वाचकाला संघ कशाने टिकतो हे वेगळं सांगायला नको. भाताची कापणी झाली की खाचराचे बांध सपाट होतात, माती चोपून खेळपट्टी तयार होते, चुन्याची फक्की मारून सीमारेषा आखली जाते. बनियनवर पुढे ग्रामदैवताचं नाव, पाठीवर वाडीचं. प्रवेश फी गावकीच्या वर्गणीतून निघते, चषक गावाच्या मुंबईतल्या मंडळाकडून येतो, आणि शिमग्याला आलेला चाकरमानी त्याच संघातून खेळतो ज्यातून त्याचे काका खेळले. कबड्डीच्या संघांचंही तेच. यातला एखादा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला म्हणून मोडत नाही, कारण त्याची मालकी विकता येत नाही. गाव रिकामं होत चाललं तरी संघाचं नाव दरवर्षी स्पर्धेच्या फलकावर लागतं. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि व्यावसायिक लीगवाल्यांनी शिकण्यासारखं असेल तर ते इथेच आहे.

नाव आपलं आणि संघ दुसऱ्याचा, हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये रायगड रॉयल्स नावाचा संघ खेळतो, आणि लीगचे सामने होतात गहुंज्याला, जून महिन्यात. त्या दिवसांत पुण्याकडे जायचा वरंध घाट अनेकदा बंद असतो. पोलादपूरच्या पोराने आपल्या जिल्ह्याचा संघ बघायला जायचं कसं? कोणी म्हणेल, महाडला दिव्यांच्या झोताचं स्टेडियम नाही, जूनच्या पावसात इथे सामना कसा होईल? बरोबर आहे, सामना मागतच नाही. कोणी म्हणेल, पैसे मालक घालतो, त्याच्यावर अटी कशाला? कारण जिल्ह्याचं नाव त्याने निर्माण केलेलं नाही. ‘रायगड’ हे नाव ज्या किल्ल्यावरून आलं तो महाड तालुक्यात आहे. ते वापरायचं तर त्याचं काही देणं लागतं. ते देणं काही डोंगराएवढं नाही: दरवर्षी एक निवड चाचणी महाडला, एक पोलादपूरला, हिवाळ्यात खाचरं मोकळी असताना संघाच्या प्रशिक्षकांचं आठवडाभराचं शिबिर, आणि टेनिस चेंडूवर वाढलेल्या पोरांच्या हाती लेदरचा चेंडू देणारी एक कायमची नेट. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने या अटी करारातच लिहाव्यात, मालक बदलला तरी त्या बदलू नयेत. आणि दोन्ही तालुक्यांतल्या मंडळांनी या मागणीचं पत्र पुढच्या हंगामाची वाट न बघता, यंदाच्या स्पर्धा चालू असतानाच पाठवावं.