उत्सवाचा यजमान कोण?

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईच्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत जपानमधील साकुराच्या फुलांची छायाचित्रे झळकू लागतात. गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या परदेशवारीच्या यादीत टोकियोने चांगलेच वरचे स्थान मिळविले आहे. २०२४ या एका वर्षात जपानला भेट देणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या ३ कोटी ६८ लाखांवर गेली. त्यांत भारतीय सव्वादोन लाखांहून अधिक होते. जाऊन आलेली मंडळी तेथील स्वच्छता, वक्तशीर आगगाड्या आणि माणसांची अदब यांचे तोंड भरून कौतुक करतात. ते योग्यच आहे. परंतु सुमारे १ कोटी ४० लाख वस्तीच्या या महानगरात बाराही महिने भरणारे उत्सव, जत्रा आणि प्रदर्शने यांच्याकडे आपला प्रवासी केवळ 'प्रेक्षणीय' म्हणून पाहतो आणि छायाचित्र काढून पुढे सरकतो. सार्वजनिक गणेशोत्सवाचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने तेथे थोडे थांबून विचारावा असा एक प्रश्न आहे. लाखो पाहुणे ज्या उत्सवाला लोटतात, त्या उत्सवाचा यजमान कोण असतो?

आसाकुसा हा टोकियोचा जुना भाग. तेथील सेन्सो-जी मंदिराची कथा अशी की, इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत जाळे टाकणाऱ्या दोन कोळी भावांना कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती सापडली. गावच्या प्रमुखाने तिचे माहात्म्य ओळखले आणि आपल्या घरालाच देवालय केले. पुढे हे तिघेही देवत्व पावले. मंदिराशेजारीच त्यांचे शिंतो देवस्थान आहे आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्यांचा 'सांजा मात्सुरी' हा उत्सव भरतो. 'मिकोशी' म्हणजे देवाची पालखीच. देवस्थानच्या तीन मुख्य पालख्या आणि भोवतालच्या ४४ वस्त्यांच्या मिळून सुमारे शंभर लहानमोठ्या पालख्या, लेकराबाळांच्या खांद्यांवरच्या चिमुकल्या पालख्यांसह, गल्लीबोळांतून फिरतात. १० मार्च १९४५ च्या अमेरिकी बॉम्बवर्षावात सेन्सो-जीचे मुख्य मंदिर भस्मसात झाले. १९५८ साली ते पुन्हा उभे राहिले. नदीत सापडलेली ती मूळ मूर्ती मात्र कोणालाही दाखविली जात नाही. वर्षाला कोट्यवधी माणसे ज्या मंदिरात येतात, तेथील मुख्य दैवत पाहुण्यांच्या दृष्टीस कधीच पडत नाही, आणि त्यामुळे कोणी यायचे थांबत नाही!

या उत्सवाच्या इतिहासातील एक प्रसंग आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. २००७ च्या उत्सवात काही उपद्व्यापी लोक थेट पालख्यांवर चढून नाचले. ज्यात देव बसला आहे असे मानायचे, त्याच्याच माथ्यावर पाय! देवस्थानने आणि उत्सव चालविणाऱ्यांनी २००८ साली मुख्य तीन पालख्यांची मिरवणूकच काढली नाही. हजारो प्रवासी जे पाहायला येतात तेच रद्द झाले. दुकानदारांचे नुकसान झाले असेल, हौशी छायाचित्रकारांचा हिरमोड झाला असेल. पण 'लोक काय म्हणतील' या भयापेक्षा देवाची मर्यादा मोठी, हा निर्णय कोणी घेऊ शकले, कारण निर्णय घेणारे कोणी तरी तेथे होते. उत्सवाला यजमान होता.

त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला शिबुया आहे. तेथील प्रसिद्ध चौकात ३१ ऑक्टोबरला 'हॅलोविन'च्या निमित्ताने चित्रविचित्र वेषांतील तरुणांची गर्दी जमू लागली. ना देवस्थान, ना समिती, ना वस्ती. २०१८ साली या गर्दीने एक लहान मालमोटार उलथून टाकली. २०२२ मध्ये शेजारच्या सोल शहरात अशाच रात्री अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन दीडशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा शिबुयाच्या प्रशासनाचे धाबे दणाणले. २०२३ मध्ये तेथील महापौरांनी जगाला जाहीर आवाहन केले की, कृपा करून या दिवशी शिबुयाला येऊ नका. ऑक्टोबर २०२४ पासून तर रात्री रस्त्यावर मद्यपान करण्यास बाराही महिने बंदी आली. पाहुण्यांसाठी सदैव दारे उघडी ठेवणाऱ्या शहराला एका दिवसापुरते 'येऊ नका' असे म्हणावे लागले. पाश्चात्त्य अनुकरणाचा हा परिणाम, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. माझ्या मते दोष वेषांतराचा नाही. ज्या गर्दीला घरचा कोणी नसतो, तिला शेवटी पोलीसच आवरतात, आणि ही गोष्ट देशी गर्दीलाही तितकीच लागू पडते.

दुसरा मुद्दा कालगणनेचा. १ जानेवारी १८७३ रोजी जपानने आपली चांद्र-सौर कालगणना सोडून युरोपीय दिनदर्शिका स्वीकारली. आधुनिक होण्याच्या घाईत सणांच्या तिथी जशाच्या तशा नव्या तारखांवर आणून बसविल्या गेल्या. सातव्या महिन्याच्या सप्तमीचा 'तानाबाता' हा सण आकाशगंगेच्या दोन तीरांवरील ताऱ्यांच्या भेटीचा. हे तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. आता हा सण ७ जुलैला येतो, ऐन पर्जन्यकाळात. तारे ढगांआड आणि पोरे कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधत बसलेली. पितरांच्या 'बोन' या पर्वाची तऱ्हा आणखी वेगळी. टोकियोत ते जुलैच्या मध्यात आणि देशाच्या बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्यात. मुलाचे पितर एका महिन्यात आणि गावाकडच्या बापाचे दुसऱ्या महिन्यात यावेत असा हा प्रकार. आपल्याकडेही गणपतीची तारीख दरवर्षी हलते म्हणून 'पर्यटनाचे नियोजन' अवघड जाते, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. २०२३ साली अधिक श्रावणामुळे गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. येऊ द्या! ही हालचाल चंद्रसूर्याची आहे.

आणि गंमत अशी की, टोकियोतसुद्धा जे पर्व जुन्या गणनेला चिकटून राहिले, ते ओस पडले नाही. नोव्हेंबरातील 'तोरी-नो-इचि' ही जत्रा बारा प्राण्यांच्या चक्रातील कोंबड्याच्या दिवशीच भरते. ती कधी दोनदा येते, कधी तीनदा. व्यापारी बांबूची सजविलेली दाताळी विकत घेतात, सौदा ठरला की विक्रेता आणि गिऱ्हाईक तालात टाळ्या वाजवितात. शिबामाता येथे ताइशाकुतेनचे, म्हणजे प्रत्यक्ष इंद्राचे, मंदिर आहे. तेथील विशेष दिवस साठ दिवसांच्या चक्राने फिरतो. ९ आणि १० जुलैला सेन्सो-जीच्या आवारात रानपोपटीच्या जातीच्या, केशरी कंदिलासारख्या फळांच्या कुंड्यांचा बाजार लागतो. त्या दिवशीचे एक दर्शन ४६ हजार दिवसांच्या दर्शनाइतके फलदायी, अशी श्रद्धा आहे. एका एकादशीने सहस्र एकादशींचे पुण्य सांगणाऱ्या आपल्या आजीला हा हिशेब मुळीच परका वाटला नसता. त्याच्या आदल्याच दिवशी संपणारी इरिया येथील 'आसागाओ' या पहाटफुलांची जत्रा किशिमोजिनच्या देवळाभोवती भरते. किशिमोजिन म्हणजे आपली हारीती, लेकरांची रक्षणकर्ती. ती जत्रा बंद पडली होती. युद्धाने होरपळलेल्या शहराने १९४८ साली ती पुन्हा सुरू केली. पोटाला पुरेसे अन्न नसताना ज्यांनी फुलांचा बाजार भरविला, त्यांच्याविषयी काय बोलावे?

आता प्रदर्शनांविषयी. मूर्ती देवळात असावी की संग्रहालयात, हा वाद आपल्याकडे बहुधा आवेशाने आणि क्वचितच माहितीने होतो. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीच शतकांत, दूरदूरची मंदिरे आपल्या गुप्त मूर्ती राजधानीत आणून ठरावीक मुदतीपुरत्या, सामान्यतः साठ दिवस, दर्शनासाठी खुल्या करीत. र्योगोकु येथील एको-इन हे त्याचे सर्वांत गाजलेले स्थान. जमणाऱ्या दक्षिणेतून मूळ मंदिराचा जीर्णोद्धार होई. भोवती खेळ, दुकाने, खाद्यपदार्थ यांची झुंबड उडे. त्याच एको-इनच्या आवारात पुढे सुमो कुस्त्यांचे फड रंगले. म्हणजे 'मोसमी प्रदर्शन' ही कल्पना टोकियोने पश्चिमेकडून घेतलेली नाही. १८७२ मध्ये युशिमा येथे सरकारी प्रदर्शन भरले आणि त्यातून आजचे राष्ट्रीय संग्रहालय जन्मले, तेव्हा लोकांना रांगा लावण्याची सवय आधीच होती.

२००९ साली या संग्रहालयात नारा येथील कोफुकु-जी मंदिराची 'आशुरा' ही मूर्ती आणली होती. आशुरा म्हणजे असुर. इ. स. ७३४ मधील, तीन मुखांची, सहा हातांची, कोवळ्या मुलासारख्या चेहऱ्याची ही लाखकामाची मूर्ती. आपल्या पुराणांतला देवांचा वैरी तेथे जाऊन बुद्धाच्या धर्माचा रक्षक झाला आणि त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची छटा आली. सुमारे दहा आठवड्यांत ९ लाख ४६ हजार माणसांनी तिचे दर्शन घेतले. कोफुकु-जीची १३०० वर्षे पूर्ण होण्याचा तो प्रसंग होता; मंदिराचे मध्यवर्ती सुवर्णगृह पुन्हा उभारण्याचे काम हाती होते, ते २०१८ मध्ये पूर्णत्वास गेले. मूर्ती राजधानीत गेली, पाहुण्यांना भेटली आणि घरी परतली. आपल्या संग्रहालयांतील कितीशा मूर्तींना परतण्यासाठी घर उरले आहे, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

साकुराच्या सहलीत उएनो उद्यान हमखास असते. तेथे शिनोबाझु तळ्याच्या मधोमध बेटावर एक मंदिर आहे. मार्गदर्शक 'बेन्तेन' असे नाव सांगून पुढे चालू लागतो. बेन्तेन म्हणजे सरस्वती. हाती वीणेसारखे वाद्य, भोवती पाणी. आपल्या मंडळींनी निदान तेथे क्षणभर हात जोडावेत. आणि आसाकुसापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, माट्सुचियामा टेकडीवर, 'शोतेन' म्हणून विराजमान आहेत ते साक्षात विनायक! त्यांचीही मूर्ती गुप्त. भक्त त्यांना मोठे पांढरे मुळे अर्पण करतात आणि ७ जानेवारीच्या मुळ्यांच्या उत्सवात तेच मुळे शिजवून येईल त्याला प्रसाद म्हणून वाटतात. येणारा जपानी की परदेशी, याची चौकशी होत नाही. त्याला उत्सव 'दाखविला' जात नाही, त्याच्या हातावर प्रसाद ठेवला जातो.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याचे स्वागत आहे. रस्ते, स्वच्छतागृहे, रात्रीच्या गाड्या, रुग्णवाहिका ही शासनाची कामे आहेत आणि ती त्याने मनापासून करावीत. मात्र महोत्सव शासनाचा झाला म्हणून मंडळ पाहुण्याच्या भूमिकेत जाऊन बसले, तर काय होते ते शिबुयाने दाखविले आहे. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत जो गणपती बसला, त्याचा यजमान चाळच होती. आज अनेक मंडपांत पाहुण्याच्या प्रथम दृष्टीस पडतो तो प्रायोजकाचा फलक. मग नामवंतांसाठीची वेगळी रांग. आणि सर्वांत शेवटी, ढकलाढकलीत, क्षणभर गजानन. परदेशी पाहुण्याला प्राणप्रतिष्ठा म्हणजे काय, आणि दहा दिवस पूजिलेली मूर्ती आपण पाण्यात का सोडतो, हे सांगणारा चार ओळींचा कागदही हाती मिळत नाही.

टोकियोत सारे आलबेल आहे असे नव्हे. कान्दा देवस्थानचा महोत्सव (नाव ऐकून मराठी माणसाला हसू येते, त्याला इलाज नाही) १६८१ पासून सान्नो महोत्सवाशी आळीपाळीने, एक वर्षाआड होतो. थाटमाट हाताबाहेर जाऊ लागला म्हणून ही आळीपाळी लागली. आपल्याकडे अशी सूचना करून पाहावी! मेइजी काळात विजेच्या तारा आल्या आणि उंच रथ फिरेनासे झाले, तेव्हा लोकांनी रथ सोडून पालख्या खांद्यावर घेतल्या. आजचा प्रश्न त्याहून बिकट आहे. कान्दा परिसरात कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, जुनी घरे गेली आणि पालखी उचलायला खांदेच कमी पडू लागले. बाहेरची हौशी पथके आली. त्यांच्यातील काहींच्या बेशिस्तीमुळेच आसाकुसात २००८ ची वेळ आली. कान्दाच्या वस्ती-समित्यांनी मग त्या मनोऱ्यांतील कंपन्यांचेच दार ठोठावले. सोमवार ते शुक्रवार संगणकासमोर बसणारा कर्मचारी उत्सवाच्या दिवशी त्या वस्तीचा अंगरखा घालून पालखीला खांदा देतो.

गिरगाव, लालबाग, परळ येथील मूळ मंडळी डोंबिवली, विरारला जाऊन राहिली. गणपतीच्या दिवसांत ती लोकलने परत येतात, आरतीला उभी राहतात आणि शेवटच्या गाडीने घरी जातात. त्यांच्या चाळींच्या जागी चाळीस मजल्यांचे मनोरे आले आहेत. मंडळाचा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन उद्वाहकाने वर जातो, दार उघडते, वर्गणी मिळतेही. पण 'यंदा विसर्जनाला खाली या, दोरखंड धरायला दोन माणसे कमी आहेत' असे त्या दारात उभे राहून सांगण्याचा प्रघात अजून पडलेला नाही.