फुलीचं घर

पोलिओचा डोस पाजणारं पथक गल्लीतून पुढे गेलं, की मागे भिंतीवर खडूची खूण उरते. घरातल्या सगळ्या लहान मुलांना डोस मिळाला तर इंग्रजी ‘पी’. एखादं मूल राहिलं, किंवा घरच्यांनी दार लावून घेतलं, तर फुली. पश्चिम उत्तर प्रदेशात एके काळी या फुल्यांनी सरकारी माणसांना रडकुंडीला आणलं होतं. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण निघाले, त्यांतले बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातले.

लस होती, बर्फाच्या पेट्या होत्या, टीव्हीवर अमिताभ बच्चन होता. तरी दारं उघडेनात. डोस घेतलेल्या मुलांना पुढे मूलबाळ होत नाही, अशी अफवा मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं. पण गटार तुंबलेलं, दवाखान्यात साध्या औषधाची मारामार, आणि सरकार मात्र फिरून फिरून फक्त दोन थेंब घेऊन दारात हजर! संशय कोणाला येणार नाही?

तेव्हा युनिसेफच्या मदतीने वेगळी वाट धरली गेली. बाहेरचा माणूस पाठवण्याऐवजी त्याच मोहल्ल्यातल्या बाईला तयार करायचं. अशा काही हजार जणी तयार झाल्या. त्यांच्या शिकवणीत रोगाची माहिती होतीच, पण खरा भर बोलण्यावर. नकार देणाऱ्याशी वाद घालायचा नाही, आधी त्याचं ऐकून घ्यायचं, घाबरवायचं नाही. प्रत्येकीकडे चार-पाचशे घरं. कोण गरोदर आहे, कोणाचं बाळ माहेरी गेलंय, सगळं वहीत. मशिदीच्या इमामांना भेटून भोंग्यावरून डोसाच्या दिवसाची आठवण द्यायला लावायचं कामही त्यांचंच. शाळकरी पोरांच्या ‘बुलावा टोल्या’ धाकट्यांना गोळा करून बूथवर नेत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया यांनीही शब्द टाकला.

पण नुसत्या गोड बोलण्याने भागलं नाही. २००९ साली पुन्हा ७४१ रुग्ण निघाले. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलांच्या पोटात लस नीट लागू पडत नव्हती. मग उत्तर प्रदेश-बिहारचे १०७ तालुके निवडून त्याच बायकांना हात धुणं, अंगावरचं दूध, जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी हेही सांगायला शिकवलं. आता दारात जाताना त्यांच्याकडे थेंबांखेरीज देण्यासारखं काहीतरी होतं! २०१० मध्ये सुधारित लसही आली. त्या वर्षी रुग्ण उरले ४२. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला.

त्यानंतरही कोणी हातावर हात ठेवून बसलं नाही. एक जरी रुग्ण निघाला तरी आणीबाणी समजून कोणी कुठे धावायचं, याचे आराखडे राज्याराज्यांत तयार ठेवले गेले. अशा आराखड्यात मोहल्ल्यातल्या बाईचं मोल मोठं. साथ आल्यावर घरोघरी नव्याने ओळख काढत बसायला वेळ कुठला? २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून मात्र हा रोग अजून हटलेला नाही. म्हणून पोलिओ रविवार आपल्याकडेही चुकत नाही, आणि आशाताईंच्या वहीत नव्या बाळांची नावं चढत राहतात.