ऊन कोणाच्या मालकीचे?

'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाची चर्चा अलीकडे सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत फार चालते. हाडे दुखतात, उत्साह वाटत नाही, मन उदास असते. तेव्हा रक्त तपासा, गोळी घ्या. एवढ्या उन्हाच्या देशात उन्हातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाचा दुष्काळ का, या प्रश्नाचे खापर लोकांच्या आळशी राहणीवर फोडले की चर्चा संपते. हा निष्कर्ष सोयीचा आहे, खरा नाही.

हे जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतात. ते माध्यान्हीच्या आसपास मिळतात, आणि खिडकीची काच त्यांना अडवते. सावळ्या त्वचेला वेळही अधिक लागतो. आता नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराचा दिवस मांडून पाहा. सकाळी विरार लोकल, दिवसभर पत्र्याचा गाळा, अंधार पडल्यावर परत. घरात ऊन यावे तर शेजारची इमारत हाताच्या अंतरावर उभी! शरीराला उन्हाचे जे तास हवेत, नेमके तेच मालकाने विकत घेतलेले असतात. याला आळस म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

पण नुसते ऊनही पुरत नाही. वसईच्या पूर्व पट्ट्यात वीटभट्टीवर राबणाऱ्या आदिवासीच्या डोक्यावर ऊन मुबलक आहे. ताटात मात्र डाळ पातळ आणि दूध नाही. कॅल्शियम आणि प्रथिने नसतील तर हाडे कशाने घडणार? १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली.

या उपासमारीचा हिशेब बालपणातच मिटत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील अर्भकांचे ३.५ किलो. आपले मूल स्नायूंनी कृश, पण चरबी राखून जन्मते, आणि पुढे मधुमेहाकडे झुकते. मधुमेह हा 'सुखवस्तूंचा रोग' ही समजूत त्यामुळे टिकत नाही. आईच्या रिकाम्या ताटाचे कर्ज मूल चाळिशीत फेडते.

मनाचे काय? उदासीनता आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा एकत्र आढळतात. परंतु अमेरिकेत १८,३५३ प्रौढांना पाच वर्षांहून अधिक काळ ही गोळी किंवा तिच्याऐवजी निष्प्रभ गोळी देऊन पाहिली. २०२० साली निष्कर्ष आला की गोळीने नैराश्य टळले नाही. ज्याच्यात खरी कमतरता आहे, त्याला गोळी मिळालीच पाहिजे. मात्र थकलेली हाडे आणि खचलेले मन एकाच घरात का सापडतात, याचे उत्तर औषधाच्या दुकानात नाही. ते वेतनात, कर्जात, कामाच्या तासांत आणि डोक्यावरच्या छपरात आहे.

आणि सरकार काय करते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य मिळते. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. अंड्याच्या बलकात थोडेफार 'ड' जीवनसत्त्व असते, प्रथिने तर असतातच. शालेय आहारात अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून शाळांना लोकसहभागाचा मार्ग दाखवला. मुलाच्या अंड्यासाठी वर्गणी गोळा करायला लावणारे शासन कल्याणकारी कसे म्हणावे?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. रेशनवर डाळ आणि तेल द्या. शाळेतले अंडे सरकारी खर्चाने परत आणा. आठ तासांचा दिवस आणि दुपारची खरीखुरी सुट्टी गाळ्यागाळ्यांत लागू करा. दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेचा नियम वसई-विरार महापालिकेने कागदावरून जमिनीवर उतरवावा. ऊन निसर्गाने फुकट दिले आहे. श्रमिकाच्या अंगावर ते पडू द्यायचे की नाही, हा राजकारणाचाच प्रश्न आहे.