मोडीत काढण्याचा अधिकार कोणाचा?

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, सबब २०१५च्या सुमाराचा, पडदा व कळफलक शाबूत असलेला लॅपटॉप मोडीत काढावा, असा जो सल्ला आज दुकानदारापासून सुविद्य शेजाऱ्यापर्यंत सर्वजण देतात, तो मला मुळातच अग्राह्य वाटतो. कंपनीची पात्रतायादी तिच्या नव्या प्रणालीच्या गरजा सांगते. यंत्राच्या अंगी किती काम शिल्लक आहे, याचा निवाडा करण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.

अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली बसवावी, हा माझा पक्ष. पूर्वपक्षाचे म्हणणे असे की, लिनक्स हे तज्ज्ञांचे शास्त्र आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपले कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जाहीर केले, त्यानंतरच्या काही वर्षांपुरते हे खरे होते. परंतु केरळच्या सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे ज्या प्रणालीवर संगणक शिकत आली आहेत, ती प्रौढ सुशिक्षिताला दुर्बोध आहे असे म्हणणे हा त्या प्रौढाचाच अधिक्षेप होय. शिवाय येथे परीक्षा आधी आणि स्वीकार मागाहून अशी मुभा आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, हार्ड डिस्कवरील एका अक्षरालाही धक्का न लावता, वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे सारे तपासता येते. ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चिपा अडून बसतात, हे मान्य. पण तो दोष बसवण्यापूर्वीच उघड होतो.

दुसरा आक्षेप वितरणांच्या, म्हणजे लिनक्सच्या निरनिराळ्या तयार संचांच्या, बाहुल्याचा. शेकडो नावे पाहून नवखा माणूस गोंधळतो, हे खरे; तथापि उबंटू डेबियनवर आणि मिंट उबंटूवर उभे आहे, आणि वापरणाऱ्याला जाणवणारा भेद बहुतांशी डेस्कटॉपचा असतो. म्हणून निवड कीर्तीवर न करता रॅमवर करावी. चार जीबी रॅमच्या ६४-बिट यंत्राला एक्सएफसीई डेस्कटॉपचे लिनक्स मिंट द्यावे; दोन जीबी असल्यास एलएक्सक्यूटीचे लुबुंटू पाहावे. ३२-बिट यंत्रांचा मार्ग मात्र अरुंद होत चालला आहे, कारण डेबियननेही २०२५च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली.

येथे लिनक्सच्या अतिउत्साही कैवाऱ्यांचेही खंडन करणे मला प्राप्त आहे. हलके वितरण टाकले की कोणतेही यंत्र तरुण होते, हा त्यांचा दावा टिकत नाही; कारण आज रॅमचा मोठा भाग प्रणाली खात नसून ब्राउझर खातो, आणि ब्राउझर सर्व वितरणांत तोच असतो. खर्च करायचाच तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालण्यावर करावा. कोणत्याही दोन वितरणांतील फरकापेक्षा तिचा परिणाम अधिक आहे.

प्रत्यक्ष बसवताना घाई नको. कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, विंडोजचे बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चालू असल्यास त्याची रिकव्हरी-की आधी लिहून ठेवावी, आणि उतरवून घेतलेल्या वितरणाच्या आयएसओ फाइलचा चेकसम, म्हणजे ती अखंड असल्याची खूण, पडताळावा. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय वाचल्याखेरीज दाबू नये.

ज्याचा सारा हिशेब टॅलीत आहे, किंवा ज्या मुद्रकाचे दफ्तर श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत साठले आहे, त्याला विंडोज सोडण्याचा आग्रह मी करणार नाही. त्याने डिस्कचे दोन भाग करावेत, जुनी विंडोज इंटरनेटपासून तोडून केवळ त्या कामापुरती ठेवावी, आणि पत्रव्यवहार, वाचन व नवे युनिकोड लेखन लिनक्सकडे सोपवावे.