मचाणावरील एक रात्र

वैशाखी पौर्णिमेस वनखात्याकडून पाणवठ्याकाठच्या मचाणांवर रात्र काढण्याची सोय होत असते. लोहाऱ्याच्या वाचकांस फार दूर जावयास नको. जिल्ह्यांतच टिपेश्वर आहे. वाटाड्यासह बसावें, बोलूं नये, पाण्यावर येईल तें जनावर चांदण्यांत पाहून टिपावें, हा तेथील शिरस्ता. येथलाच एक वाघ २०१९ सालीं हजारांहून अधिक किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेंत पोहोंचला. याच जिल्ह्यांत १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण २०१८ सालीं गोळीस बळी पडली. आपण एका रात्रीपुरते उंच मचाणावर चढतों. शेतकरी मात्र कित्येक रात्रीं ओलितासाठीं त्याच अंधारांत पायीं उतरतो. वाघ राहावा असें आम्हांस मनापासून वाटतें. परंतु त्याचें मोल एकट्या शेतकऱ्यानें कां द्यावें?